किल्ली खरी, तरी दार बंद
(जुन्या टॅबलेटवर खात्यात प्रवेश न मिळण्याची कारणे व उपाय)

व्यापाऱ्याच्या गादीवर पूर्वी रोजमेळ, खतावणी आणि दौत एवढीच सामग्री असे. आज त्यांच्या शेजारी बहुधा एक टॅबलेटही पडलेला दिसतो. आठ-दहा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला, काचेवर एखादा चरा उमटलेला, परंतु अद्याप चालता. दुकानाची ई-मेल त्यावर येते, गिऱ्हाइकास मालाची छायाचित्रे त्यावर दाखविली जातात, आणि रात्री तो घरी नेला म्हणजे परगावी असलेल्या नातवंडांचे मुखदर्शन आजी-आजोबांस त्यावरच होते. असा हा घरचा झालेला सेवक एके दिवशी एकाएकी हटून बसतो. 'खात्यात प्रवेश करता आला नाही', 'पासवर्ड चुकीचा आहे', 'पुन्हा प्रवेश करा' अशी काहीतरी सूचना तो पुढे करतो. पासवर्ड घालावा, क्षणभर चक्र फिरावे, आणि पुन्हा तीच सूचना यावी, असा क्रम दिवसभर चालतो.

अशा वेळी घाबऱ्या मनुष्याकडून तीन गोष्टी हटकून घडतात. तो पासवर्ड एकामागून एक बदलू लागतो. किंवा 'सगळे पुसून कोरे करू' म्हणून टॅबलेट मूळ स्थितीस नेतो. किंवा इंटरनेटवर शोधून सापडेल त्या 'मदत क्रमांका'वर फोन लावतो. पहिल्याने चांगले खाते कुलूपबंद होते, दुसऱ्याने वर्षानुवर्षांची छायाचित्रे व पत्ते जातात, आणि तिसऱ्याने कित्येकदा बँकेतील पैसा जातो. मासिक विवरण भरणाऱ्या सभासदांस वस्तू व सेवा कराच्या ११ व २० या तारखा पाठीशी लागलेल्या असतात. त्या दिवशी ई-मेल उघडली नाही तर काय धांदल उडते, हे निराळे सांगावयास नको. यास्तव ही अडचण मुळात कशी उत्पन्न होते आणि कोणत्या क्रमाने सोडवावी, याचे विवेचन येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रवेशाचा व्यवहार कसा होतो?

खात्यात प्रवेश करणे हे वरवर दिसते तसे एका पासवर्डाचे काम नाही. त्यात तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी अशी की, आपण ज्या सर्व्हरशी बोलत आहोत तो खरोखर त्याच कंपनीचा आहे, याची खात्री टॅबलेट करून घेतो. दुसऱ्या पायरीस दोघे मिळून एक गुप्त भाषा ठरवितात, जेणेकरून वाटेत कोणी ऐकले तरी त्यास अर्थबोध होऊ नये. तिसऱ्या पायरीस पासवर्ड आणि, जेथे लागू असेल तेथे, मोबाइलवर आलेला अंक तपासला जातो. तो जुळला म्हणजे सर्व्हर टॅबलेटला एक चिठ्ठी देतो. पुढे रोज पासवर्ड विचारला जात नाही, तो या चिठ्ठीच्या आधारे. चिठ्ठी रद्द झाली, हरवली अथवा ठेवण्यास जागा उरली नाही, की पासवर्ड पुन्हा मागितला जातो.

या तीनपैकी कोणतीही पायरी मोडली तरी पडद्यावर येणारी सूचना पुष्कळदा सारखीच असते. पासवर्ड अगदी बरोबर असूनही 'पासवर्ड चुकीचा' असे दिसू शकते. ही गोष्ट ध्यानात ठेवली तर अर्धी भीती तेथेच नाहीशी होते.

पहिली परीक्षा

कोणताही उपाय करण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करावी. तेच खाते, तोच पासवर्ड, घरातील दुसऱ्या नव्या फोनवर किंवा दुकानाच्या संगणकावर घालून पाहावा. तेथे प्रवेश मिळाला तर खाते निर्दोष असून दोष टॅबलेटकडे आहे. तेथेही मिळाला नाही तर टॅबलेटला बोल लावण्याचे कारण नाही. दोष खात्याकडे आहे. रोजमेळ जुळेना झाला म्हणजे चूक जमेकडे आहे की नावेकडे, हे मुनीम आधी ठरवितो, त्यातलाच हा प्रकार होय. या परीक्षेवाचून केलेला प्रत्येक उपाय अंधारात मारलेला दगड समजावा.

खात्याकडील दोष

एकत्र व्यवसायात सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे एकच खाते अनेक ठिकाणी उघडलेले असणे. वडील बेळगावच्या दुकानी, धाकटे बंधू हैदराबादेस, पुतण्या इंदुरास, आणि सर्वांच्या हाती दुकानाची तीच ई-मेल. यांपैकी एकाने सुरक्षिततेसाठी पासवर्ड बदलला, की बाकीच्यांच्या चिठ्ठ्या बहुधा रद्द होतात. ज्यांना ही वार्ता कळलेली नाही त्यांचा टॅबलेट जुनाच पासवर्ड घेऊन दर काही मिनिटांनी दार ठोठावीत राहतो, आणि इतक्या चुकीच्या प्रयत्नांमुळे सर्व्हर संशयाने सर्वांसाठीच दार काही काळ बंद करू शकतो. यावर उपाय तांत्रिक नाही, घरगुती आहे: पासवर्ड बदलणाऱ्याने त्याच दिवशी सर्वांस कळवावे.

दुसरे कारण मोबाइल क्रमांकाचे. खाते उघडताना दिलेला क्रमांक पुढे बंद केलेला असतो, आणि ओळख पटविण्याचा अंक त्याच क्रमांकावर जात राहतो. आपल्या देशात बंद झालेला क्रमांक ९० दिवसांची मुदत गेल्यावर दुसऱ्या ग्राहकास दिला जाऊ शकतो. म्हणजे आपल्या दुकानाच्या खात्याची चावी एखाद्या अनोळखी गृहस्थाच्या खिशात जाऊन पडण्याचा संभव असतो. म्हणून क्रमांक सोडण्यापूर्वी तो प्रत्येक खात्यातून बदलून घ्यावा. ई-वे बिलाच्या सरकारी संकेतस्थळावर तर १ एप्रिल २०२५ पासून सर्व करदात्यांस पासवर्डाखेरीज अशी दुसरी ओळख आवश्यक झालेली आहे. तेव्हा क्रमांकाची ही बाब केवळ सोयीची राहिलेली नाही.

तिसरे कारण विस्मरणाचे. जी वैयक्तिक खाती २ वर्षे कोणी उघडलेलीच नाहीत, ती काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ साली जाहीर केले व त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून ते अंमलात आणण्यास आरंभ केला. कपाटात पडून राहिलेल्या टॅबलेटवरील खाते त्यामुळे खरोखरच नष्ट झालेले असू शकते.

टॅबलेटकडील दोष : घड्याळ

खाते निर्दोष ठरले तर प्रथम टॅबलेटचे घड्याळ पाहावे. केवळ तास-मिनिटे नव्हे, तर दिनांक, महिना आणि वर्षही. जुन्या टॅबलेटची बॅटरी पूर्ण उतरून तो काही दिवस तसाच राहिला, तर त्याचे घड्याळ मागे जाते. कित्येकदा ते १ जानेवारी १९७० या दिवशी जाऊन थांबते. कारण असे की, या यंत्रांत काळाची गणना त्याच दिवसापासून सेकंदांनी केलेली असते आणि आठवण पुसली की गणना शून्यावर येते.

आता घड्याळाचा आणि प्रवेशाचा संबंध काय, असे कोणी विचारील. सर्व्हर आपली ओळख पटविण्यासाठी जे प्रमाणपत्र दाखवितो त्यावर आरंभाची व समाप्तीची तारीख असते. मुदती हुंडीची मुदत पाहिल्यावाचून ती जशी सकारीत नाहीत, तसाच टॅबलेट ही तारीख पाहिल्यावाचून पुढे जात नाही. टॅबलेटच्या मते आज १९७० साल असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्यास अजून जन्मासही न आलेले दिसते, आणि तो व्यवहार तेथेच तोडतो. पासवर्ड पाहण्याची वेळच येत नाही.

उपाय असा: 'सेटिंग्ज'मध्ये 'डेट अँड टाइम' उघडावे. आधी विभाग, म्हणजे 'टाइम झोन', भारताचा निवडावा, मग तारीख व वेळ हाताने बरोबर करावी, आणि इंटरनेट जोडल्यावर 'ऑटोमॅटिक' हा पर्याय चालू ठेवावा. विभाग चुकीचा ठेवून नुसते काटे फिरविणे उपयोगाचे नाही. विभाग लंडनच्या ग्रीनिच वेळेचा राहिला आणि आपण वेळ मात्र भारताची लावली, तर यंत्राच्या हिशेबी घड्याळ साडेपाच तास पुढे जाते. ओळख पटविणारे सहा अंक दर ३० सेकंदांनी बदलून देणारे ॲप त्याच टॅबलेटवर असेल, तर ते अंक वेळेवरूनच काढले जात असल्यामुळे प्रत्येक वेळी चुकीचे ठरतील.

साक्षीदारांची जुनी वही

घड्याळ बरोबर असूनही अडचण राहिली तर पुढील कारण प्रमाणपत्राच्या साक्षीदाराचे. परगावच्या अनोळखी पेढीचा कागद आला म्हणजे आपण त्यावर आपल्या ओळखीच्या शाहूचा हवाला आहे काय हे पाहतो. टॅबलेटही तेच करतो. ज्या संस्थांच्या हवाल्यावर विश्वास ठेवावयाचा त्यांची एक यादी कारखान्यातूनच त्याच्या पोटात घातलेली असते. ही यादी पुढे मुख्यतः नव्या आवृत्तीबरोबर सुधारली जाते. आणि जुन्या टॅबलेटला नवी आवृत्ती मिळणे बंद झालेले असते.

याचे ठळक उदाहरण ३० सप्टेंबर २०२१ या दिवशी घडले. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था असंख्य संकेतस्थळांस मोफत प्रमाणपत्रे देते. तिची ओळख जुन्या यंत्रांस ज्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारे पटत होती, त्याची मुदत त्या दिवशी संपली. तिचे स्वतःचे नवे मूळ प्रमाणपत्र आयपॅडच्या १० व्या आवृत्तीच्या आधी आणि अँड्रॉइडच्या ७.१.१ च्या आधी यादीत नव्हते. अँड्रॉइडच्या जुन्या यंत्रांसाठी एक पर्यायी सोय करण्यात आली होती; तीही २०२४ साली संपुष्टात आली. पहिला आयपॅड ५.१.१ या आवृत्तीवर थांबला आहे आणि आयपॅड २ हा ९.३ च्या मालिकेवर. तेव्हा अशा यंत्रावर काही संकेतस्थळे उघडतात व काही उघडत नाहीत, याचे नवल वाटावयास नको.

या दोषाची खूण हीच: सर्वत्र नकार नसून काही ठिकाणीच नकार येतो आणि 'हे संकेतस्थळ सुरक्षित नाही' अशा आशयाचा इशारा दिसतो. तेथे 'तरीही पुढे जा' हा पर्याय दाबून पासवर्ड कधीही घालू नये. कारण हा इशारा जुन्या यादीमुळे आला की खरोखरच कोणी तोतया मध्ये उभा आहे, हे पडद्याकडे पाहून सांगता येत नाही. 'सॉफ्टवेअर अपडेट' मिळत असल्यास तो घ्यावा. अँड्रॉइडवर फायरफॉक्स हा ब्राउझर स्वतःची निराळी यादी बाळगतो, म्हणून आपल्या टॅबलेटवर तो चढत असेल तर त्यातून पाहावे. आयपॅडवर मात्र या युक्तीचा उपयोग नाही, कारण तेथे सर्व ब्राउझरांस ॲपलचीच यादी वापरावी लागते.

जुनी भाषा व जुनी रीत

गुप्त भाषेचेही असेच आहे. टी.एल.एस. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भाषेची पहिली आवृत्ती १९९९ सालची, १.१ ही २००६ ची, १.२ ही २००८ ची आणि १.३ ही २०१८ ची. पहिल्या दोन आवृत्त्यांतील दुबळेपणा उघड झाल्यामुळे २०२१ च्या मार्चमध्ये त्या रीतसर बाद ठरविण्यात आल्या. अँड्रॉइड ५ पासून पुढे १.२ ही आवृत्ती आपोआप वापरली जाते, ४.१ ते ४.४ मध्ये ती अंगी असूनही सामान्यतः निजलेली असते. त्यामुळे त्या काळच्या ॲपला आजचा सर्व्हर उत्तरच देत नाही.

याहून महत्त्वाचा बदल प्रवेशाच्या रीतीत झाला. पूर्वी ई-मेलचे ॲप केवळ नाव व पासवर्ड पुढे करी आणि पत्रे आणी. चोरांस ही रीत फारच सोयीची झाली, म्हणून गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी ती बंद केली. मायक्रोसॉफ्टने कचेऱ्यांच्या ई-मेलसाठी १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि वैयक्तिक आउटलुक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून तोच मार्ग धरला. या दिवसानंतर जुन्या ई-मेल ॲपने खरा पासवर्ड दिला तरी त्यास नकारच मिळतो. गूगलने २७ सप्टेंबर २०२१ पासून अँड्रॉइड २.३.७ व त्याखालील यंत्रांवर प्रवेशच थांबविला. अशा यंत्रावर 'नाव अथवा पासवर्ड चुकीचा' असे दिसत राहते, आणि बिचारा मालक बरोबर असलेला पासवर्ड बदलीत बसतो.

येथे दोन उपाय जाणून घेण्याजोगे आहेत. गूगलच्या खात्यात दुहेरी ओळख चालू केली असता 'ॲप पासवर्ड' नावाचा १६ अक्षरांचा स्वतंत्र पासवर्ड काढता येतो. तो नव्या फोनवरून काढून जुन्या टॅबलेटच्या ई-मेल ॲपमध्ये नेहमीच्या पासवर्डाच्या जागी घालावा. टॅबलेट हरवला तर तेवढाच पासवर्ड रद्द करता येतो, मूळ खात्यास धक्का लागत नाही. दुसरा उपाय जुन्या आयपॅडचा. दुहेरी ओळखीच्या पूर्वीच्या आवृत्त्यांत सहा अंक घालण्यास निराळी चौकटच नसते. तेथे ॲपलच्या खात्याचा पासवर्ड लिहून त्यास लागूनच, मध्ये जागा न सोडता, नव्या यंत्रावर आलेले सहा अंक लिहावे. एवढ्याने पुष्कळदा दार उघडते.

उपायांचा क्रम

आतापर्यंतचे विवेचन क्रमवार मांडतो.

१. दुसऱ्या यंत्रावर प्रवेश करून पाहावा व दोष कोणाकडे हे ठरवावे.
२. टॅबलेटची तारीख, वर्ष, विभाग व वेळ दुरुस्त करून तो एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा.
३. इंटरनेट तपासावे. हॉटेल किंवा स्थानकावरील वाय-फाय स्वतःचे प्रवेशपान उघडल्यावाचून पुढे जाऊ देत नाही; शक्य तर आपल्या फोनचे इंटरनेट टॅबलेटला देऊन पाहावे.
४. जागा पाहावी. साठा काठोकाठ भरलेला असेल तर सर्व्हरने दिलेली चिठ्ठी ठेवावी कोठे? जुने व्हिडिओ हलवून थोडी मोकळीक करावी. ब्राउझरमधून प्रवेश करीत असल्यास 'कुकीज' बंद तर नाहीत ना, हेही पाहावे. ती चिठ्ठी तेथेच राहते.
५. 'सेटिंग्ज'मधून ते खाते काढून पुन्हा जोडावे. परंतु त्याआधी त्यातील पत्ते व छायाचित्रे खात्यात पोचली आहेत याची दुसऱ्या यंत्रावर खात्री करावी. जे केवळ टॅबलेटवर आहे ते खात्याबरोबर जाण्याचा संभव असतो.
६. 'ॲप पासवर्ड' किंवा सहा अंक जोडण्याची युक्ती करून पाहावी.

टॅबलेट कोरा करणे हा या यादीतील उपाय नव्हे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, आणि आयपॅडच्या ७ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून, चोरीस आळा घालण्यासाठी अशी योजना आहे की, बाहेरून कोरे केलेले यंत्र पूर्वीच्याच खात्याचा पासवर्ड मागते. ज्या खात्यात प्रवेश मिळत नाही म्हणून आपण हा खटाटोप केला, तेच खाते आता यंत्र सुरू करण्यासाठीही लागते. आधी एक खोली बंद होती. आता घराचेच दार बंद होते.

कोठे थांबावे?

हे सर्व करूनही प्रवेश मिळाला नाही, तर तो टॅबलेट या कामातून निवृत्त झाला असे समजावे. त्यात हळहळण्याजोगे काही नाही. ज्यास सुरक्षिततेची सुधारणा मिळणे थांबले आहे अशा यंत्रावर बँकेचा किंवा कराचा व्यवहार करणे एरवीही शहाणपणाचे नव्हे. त्यावर मालाची छायाचित्रे, दरपत्रक, भजने, मुलांचे धडे अशा खात्यावाचून चालणाऱ्या गोष्टी खुशाल ठेवाव्या. कोणास देऊन टाकावयाचा असेल तर प्रथम त्यातून खाते रीतसर काढावे आणि मगच तो कोरा करावा.

फोनवरच्या मदतीविषयी एक स्पष्ट इशारा देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. शोधून सापडलेला प्रत्येक 'ग्राहकसेवा' क्रमांक खरा असतोच असे नाही. जो कोणी आपला अंक विचारतो, दुरून आपला पडदा पाहण्याचे ॲप घालावयास सांगतो, किंवा खाते उघडून देण्यासाठी पैसे मागतो, त्याच्याशी बोलणे तेथेच तोडावे. पैसा गेलाच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे. खबर जितकी लवकर, तितका पैसा वाटेतच अडविण्याचा संभव अधिक.

शेवटी एक साधी सूचना. दिवाळीस नव्या वह्या घालताना प्रत्येक पेढीने एका वहीत एक पान या कामासाठी राखावे. दुकानाची कोणकोणती खाती आहेत, प्रत्येकास कोणता मोबाइल क्रमांक जोडलेला आहे, ती कोणकोणत्या यंत्रांवर उघडलेली आहेत, आणि पासवर्ड शेवटचा कोणी व कोणत्या तारखेस बदलला, एवढे त्यावर लिहावे. पासवर्ड मात्र त्या पानावर लिहू नये. पैचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्या समाजास हा आणखी एक हिशेब जड जाण्याचे कारण नाही; आणि ज्या दिवशी दार अडेल, त्या दिवशी तिजोरीतील कोणत्याही कागदापेक्षा हे एक पान अधिक उपयोगी पडेल.